पत्र्याखालची दोन बोटं हवा

माझ्या मित्राने बेटाच्या उत्तर टोकाला, सेम्बावांगला, घर घेतल्याचं मला त्याच्याकडून कळलं नाही. ते मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं. कुणीतरी अभिनंदन केलं होतं आणि खाली हार, फटाके, नमस्कार यांची रांग लागली होती. मीही अंगठा टाकला. अगदी शेवटी टाकला असता तर कुणाच्या तरी लक्षात आलं असतं, म्हणून गर्दी असतानाच मधे कुठेतरी टाकून दिला.

इथे घर घेणाऱ्यांचं कौतुक होतं, पण ते ठरावीक मापाचं. फ्लॅट घेतला तर पेढे, पोहण्याच्या तलावासकट कॉन्डो घेतला तर जेवण. 'लँडेड' घेतलं तर मात्र लोक आवाज खाली आणून बोलतात. लँडेड म्हणजे खाली स्वतःची जमीन आणि वर स्वतःचं छप्पर. या बेटावर ते मिळायला बहुतेक वेळा आधी इथलं नागरिक व्हावं लागतं. मित्र झाला होता. मी अजून एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे नोकरीच्या परवान्यावर होतो, आणि कायम रहिवासाचा माझा अर्ज दोनदा सभ्य भाषेत परत आला होता.

पुण्यात इंजिनिअरिंगला आम्ही चार वर्षं हॉस्टेलच्या एकाच खोलीत काढली. उष्णतेच्या वहनाचा जो पेपर असतो त्यात तो माझ्या वहीवर पास झाला. पुढे मी त्याच विषयात इथल्या विद्यापीठातून पीएचडी केली आणि आता एका सल्लागार कंपनीत मोठ्या इमारतींच्या भिंतींतून किती उष्णता आत येते याचा हिशेब करतो. तो बँकेत गेला. उष्णता एका जागेवरून दुसऱ्या जागी कशी जाते हे शिकायला मला सात वर्षं लागली. पैशाचं तेच प्रकरण त्याला दोन वर्षांत समजलं. हे मी विनोद म्हणून अनेकदा सांगितलं आहे. लोक हसतात. मी ते विनोद म्हणून सांगत नसतो.

घर घेऊन दोन महिने झाले तेव्हा त्याचा फोन आला. घर जुनं आहे, कौलं काढून टाकली, आता वर मेटल रूफ टाकतोय, तू त्यातला माणूस आहेस, शनिवारी येऊन जरा बघून जा.

'बघून जा' हा आपल्याकडचा एक विधी आहे आणि परदेशातही तो व्यवस्थित पाळला जातो. काम चालू असताना चार जाणत्यांना बोलवायचं. जाणत्याने हात मागे बांधून हिंडायचं, 'छान' म्हणायचं आणि जाता जाता एखादी बिनमहत्त्वाची सूचना करायची, म्हणजे यजमानाला ती विचार करून नाकारता येते. मग चहा. खरोखरचं मत कुणी मागितलेलं नसतं आणि कुणी देतही नाही.

मी गेलो. रस्ता शांत होता, दोन्ही बाजूंना एकमेकांना खेटून उभी असलेली दुमजली घरं. त्याच्या घराला परांची लावली होती, त्यामुळे ते ओळखायला सोपं गेलं. पोर्चमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्चीवर काकू, म्हणजे त्याची आई, पाण्याची बाटली मांडीवर घेऊन बसल्या होत्या. काम संपेपर्यंत ही मंडळी जवळच्याच एका कॉन्डोत भाड्याने राहत होती आणि काकू रोज सकाळी चालत येऊन कामावर देखरेख करत. कामगारांना त्यांचं मराठी कळत नव्हतं आणि त्यांना कामगारांचं तमिळ. देखरेख उत्तम चालली होती.

हॉस्टेलच्या काळात काकू चिवड्याचे दोन डबे पाठवायच्या आणि एकावर माझं नाव लिहिलेलं असायचं. आता त्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. मला पाहून म्हणाल्या, "आलास? वर जाऊन बघ माझी खोली. मागच्या बाजूची. खिडकीतून झाड दिसतं."

मी विचारलं, रोज जिना चढणार कशा? तर त्या म्हणाल्या की मुलगा घरात लिफ्ट बसवतोय. दोन मजल्यांच्या घरात लिफ्ट. मी मान डोलावली. एसीचं विचारलं तर म्हणाल्या, "तो लावू दे, मी नाही चालू करायची. एसीत माझे गुडघे धरतात. खिडकी उघडी ठेवीन."

मित्र आतून आला. पांढरी हाफ पँट, पांढरे बूट, सिमेंटच्या धुळीतही पांढरेच. त्याच्याबरोबर कंत्राटदार होता, साठीचा, बारीक चणीचा चिनी माणूस. मित्राने माझी ओळख करून दिली. इंग्रजीत म्हणाला, "हा माझा जुना रूममेट. याची पीएचडी छपरात आहे, फक्त छप्पर नाही."

सगळे हसले. मीही हसलो. वाक्य चांगलं होतं, आणि ते मला आधी सुचलं नाही याचंही वाईट वाटलं.

मग मी कंत्राटदाराबरोबर परांचीवर चढलो. मित्र खालीच राहिला, त्याला उंचीची भीती आहे. वर प्लायवूड ठोकून झालं होतं आणि त्यावर दोन्ही उतारांवर चंदेरी फॉइल अंथरलं होतं, मधे हवेचे बारीक फुगे असलेलं, नाजूक वस्तू गुंडाळायला वापरतात तसं. उन्हात त्याच्याकडे बघवत नव्हतं. पत्रे खाली रस्त्याच्या कडेला रचून ठेवले होते. सोमवारी पुढच्या उतारावर बसवणार होते, मंगळवारी मागच्या.

मी वाकून फॉइलचा कोपरा उचलला आणि विचारलं की यावर रिपा कधी मारणार?

कंत्राटदार म्हणाला, रिपा नाहीत. पत्रा थेट फॉइलवर.

इथे थोडं शास्त्र सांगायला हवं, ते अवघड नाही. चकचकीत फॉइल उष्णता अडवतं ते त्याच्या समोर मोकळी हवा असेल तेव्हा. तापलेल्या पत्र्याकडून येणारी धग ते घेत नाही आणि पुढेही देत नाही. पण तेच फॉइल वरून पत्र्याला आणि खालून प्लायवूडला चिकटून बसलं तर त्या चकाकीचा काही उपयोग राहत नाही. ते पत्र्याचं नुसतं अस्तर बनतं. पत्रा जेवढा तापेल तेवढं तेही तापतं आणि उष्णता खालच्या खोलीला देऊन मोकळं होतं. उपाय साधा असतो. फॉइलवर लाकडी रिपा मारायच्या आणि त्यांवर पत्रा, म्हणजे मधे दोन बोटं हवा राहते. ती हवा खालून कडेने आत येते आणि वर आढ्यापाशी बाहेर पडते, जाताना उष्णता बरोबर नेते.

कंत्राटदाराला हे माहीत होतं. तो चाळीस वर्षं छपरं घालत होता. म्हणाला, मी सांगितलं होतं ओनरला. रिपा मारल्या की छपराची कड जाड दिसते आणि शेजाऱ्याच्या छपरापेक्षा वर येते. ओनरला कड बारीक पाहिजे. शिवाय त्याने माहितीपत्रकात वाचलं की हे फॉइल अवकाशयानात वापरतात. अवकाशयानात वापरतात तर मग रिपा कशाला, म्हणाला. मग मी त्याला म्हणालो, कॅन. ओनर म्हणेल ते कॅन. कॅन म्हणजे इथल्या इंग्रजीत 'होईल'.

अवकाशात वस्तूंच्या भोवती मोकळी जागा बरीच असते, हे माझ्या मनात आलं. 

तो माझ्याकडे बघून म्हणाला, "तू त्याचा मित्र. तू सांग."

आम्ही उभे होतो त्याच्या बरोबर खाली काकूंची खोली होती. उचललेल्या फॉइलखाली प्लायवूडमध्ये दिव्याच्या वायरसाठी एक भोक ठेवलेलं होतं, त्यातून खालची नवी फरशी दिसत होती.

मी खाली उतरलो. मित्राने विचारलं, "काय डॉक्टर? पास का?"

मी म्हणालो, "छान आहे."

आणि मग विधीप्रमाणे म्हणालो की पन्हळ थोडी रुंद घेतलीस तर बरं, इथला पाऊस जोराचा असतो. त्याने पन्हळीचा विचार केला, कंत्राटदाराकडे पाहिलं आणि म्हणाला की नको, आहे ती पुरेल. काकूंनी थर्मासमधला चहा दिला. मी तो प्यायलो.

परतताना बसमध्ये मी स्वतःची बाजू तयार करत होतो. त्याने मत विचारलंच नव्हतं. कंत्राटदाराने सांगूनही त्याने ऐकलं नाही, मग माझं कशाला ऐकेल. फी घेऊन सल्ला देणाऱ्याने फुकट सल्ला देऊ नये. वकील म्हणून मी बरा होतो. पण या सगळ्याखाली एक चित्र होतं आणि ते मला फार आवडत होतं: दुपारचे दोन वाजले आहेत, तो आपल्या लँडेड घरातल्या पुढच्या खोलीत, शेजाऱ्यापेक्षा बारीक कड असलेल्या छपराखाली बसला आहे, घामाने शर्ट पाठीला चिकटला आहे, एसी घरघरतोय, आणि का ते त्याला कळत नाही. हे चित्र मी बुकिट पांजांगचा थांबा येईपर्यंत बघत होतो. त्यात काकू नव्हत्या. मी त्यांना त्यातून वगळलं होतं.

घरी बायकोने विचारलं, कसं आहे घर? मी जिना, लिफ्ट, झाड, पांढरे बूट हे सगळं सांगितलं. फॉइलचंही सांगितलं, जरा रंगवूनच, अवकाशयानासकट. ती हसली नाही.

"मग तो काय म्हणाला?"

"कशावर?"

"तू सांगितल्यावर."

मी भाजी वाढून घेतली.  आमच्या लग्नाला सतरा वर्षं झाली आहेत, तिला पुढचं विचारावं लागत नाही. चौदा वर्षांची मुलगी फोनमधून डोकं न काढता म्हणाली, "ती आजीची रूम ना? सो हॉट, हाउ कॅन?"

मी म्हणालो की एसी आहे. पण काकू एसी लावत नाहीत हे मीच पाच मिनिटांपूर्वी सांगितलं होतं.

रविवारी सकाळी आम्ही ईस्ट कोस्टला समुद्राकाठी फिरायला गेलो. मी एकटा पुढे चालत होतो. आपल्याला नक्की कशाचं दुखतंय ते एकदा नीट बघावं, असं मी ठरवलं होतं. इतरांच्या बाबतीत मला हे चटकन दिसतं.

माझं लहानपण पत्र्याच्या घरात गेलं. वडील पाटबंधारे खात्यात कारकून होते आणि धरणाचं काम चालायचं तिथे प्रकल्पाची वसाहत असायची. तिथली क्वार्टर्स कारखान्यातून तयार होऊन यायची: पत्र्याच्या भिंती, पत्र्याचं छप्पर, सगळं नटबोल्टने जोडलेलं, धरण संपलं की खोलून ट्रकवर घालायचं आणि पुढच्या धरणावर उभं करायचं. एप्रिल-मे महिन्यात दुपारी त्या घरात बसणं शक्य नसे. आई फरशीवर पाणी ओतून त्यावर आडवी व्हायची. वडिलांनी एका उन्हाळ्यात पोती उसवून, चुन्यात बुडवून, वाळवून त्यांचं पत्र्याखाली छत केलं. पोती ताणून बांधताना मी खालून काठी धरली होती आणि ते परत परत सांगत होते, "पत्र्याला टेकू देऊ नकोस. मधे वारा पाहिजे." त्यांनी उष्णतेच्या वहनाचा पेपर कधी दिला नव्हता. त्या उन्हाळ्यात आई दुपारी खाटेवर झोपली.

मित्राचं गावातलं घर स्लॅबचं होतं. हॉस्टेलमध्ये एकदा, काही वाईट हेतू नसताना, त्याने विचारलं होतं की पत्र्याच्या घरात पाऊस पडला की अभ्यास कसा करायचास? मला त्या स्लॅबचा हेवा वाटला होता. पुढे आयुष्यभर मी स्लॅबखालीच राहायचं ठरवलं आणि राहिलो, सध्या अकराव्या मजल्यावर, वर आणखी पाच मजले. आणि आता तो पत्र्याखाली राहायला गेला, तर मला पत्र्याचा हेवा वाटत होता. म्हणजे हेवा पत्र्याचाही नव्हता आणि स्लॅबचाही. मित्र जिथे असेल तिथे मी नाही, एवढंच त्या हेव्याचं कारण. चाळिशी उलटलेल्या, बरंच वाचलेल्या माणसाला समुद्रकिनाऱ्यावर सायकलवाल्यांना चुकवत हे कळावं, हे काही फार शोभेचं नव्हतं.

तरी मी रविवारी फोन केला नाही. रविवारी इथे आवाजाचं बांधकाम करू देत नाहीत, त्यामुळे घाई नाही, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला आणखी एक दिवस ते चित्र हवं होतं.

सोमवारी सकाळी ऑफिसात बसल्यावर मात्र माझ्या डोळ्यांपुढे पत्रे वर चढताना दिसू लागले. पुढच्या रविवारी त्याच्याकडे वास्तुशांत होती. गुरुजी ठरले होते, ग्रुपवर आमंत्रण फिरलं होतं. त्याआधी छप्पर बंद करून, आतला रंग देऊन, सगळं आवरायचं होतं, म्हणजे एकदा पत्रा बसला की तो पुन्हा काढणं नाही. मी त्याला मेसेज केला की दुपारी भेटतोस का. त्याची बँक रॅफल्स प्लेसला आहे. एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, मला वीस मिनिटं लागली.

आम्ही जवळच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या स्वस्त खाऊगल्लीत, बसलो. आजूबाजूला टाय लावलेली माणसं घाम पुसत नूडल्स खात होती. मी ताट बाजूला सारलं आणि सांगितलं, बोटांनी दाखवून सांगितलं: एक हात पत्रा, एक हात फॉइल, मधे दोन बोटं हवा. त्याने नीट ऐकून घेतलं. बँकेतली माणसं ऐकून घेण्यात तरबेज असतात.

मग तो म्हणाला, "शनिवारी वर चढला होतास तेव्हा हे दिसलं नव्हतं?"

"दिसलं होतं."

"छान आहे म्हणालास."

"हो."

तो पाणी प्यायला. मग हसत, पण डोळ्यांनी न हसता म्हणाला, "तुला माहितीये का, गेल्या वीस वर्षांत मी काहीही केलं तर तू त्यात खोट काढतोस. गाडी घेतली तर म्हणालास या बेटावर जाणार कुठे. सिटिझनशिप घेतली तर म्हणालास आता मतदान सक्तीचं. सगळं बरोबर असतं तुझं. पण तुला जळतं, रे. एवढंच असतं ते."

तो म्हणत होता ते खोटं नव्हतं, त्यामुळे रागावायची सोय नव्हती. आणि मला दिसलं की तो माझं ऐकणार नाही. का ऐकावं? जो माणूस प्रत्येक गोष्टीत खोट काढतो त्याने एखादी खरी खोट दाखवली तर ती वेगळी कशी ओळखायची? वीस वर्षं मी खोट काढायचं हे नाणं चालवून झिजवलं होतं.

"हो, जळतं," मी म्हणालो. "शनिवारी बोललो नाही ते त्याच्यामुळेच. बोललो असतो तर तुझं घर चांगलं झालं असतं."

त्याने ग्लास बाजूला सारला.

"तुझ्या खोलीचं तू बघ," मी म्हणालो, "पण मागच्या खोलीत काकू आहेत आणि त्या एसी लावणार नाहीत."

पलीकडच्या टेबलावरची ताटं उचलली गेली, दुसरी माणसं येऊन बसली.  शेवटी त्याने कंत्राटदाराला फोन लावला. मला एकच बाजू ऐकू येत होती. पुढचा उतार कुठवर आलाय? ... सगळा? ... बरं. मागचा थांबवा. ... हो, रिपा. ... हो, मला माहितीये तुम्ही सांगितलं होतं. मग थोडं थांबून त्याने विचारलं, मागच्या बाजूची कड रस्त्यावरून दिसते का? पलीकडून काय उत्तर आलं ते त्याच्या चेहऱ्यावरून कळलं. तो म्हणाला, "ओके. कॅन."

फोन ठेवून त्याने माझ्याकडे पाहिलं आणि माझं गार झालेलं ताट माझ्यापुढे सरकवलं. आम्ही जेवलो. मुलींच्या शाळांविषयी थोडं बोललो.

वास्तुशांतीला आम्ही तिघं गेलो. होम पोर्चमध्ये होता, गुरुजींनी आधी शेजाऱ्यांना धुराची कल्पना द्यायला लावली होती. जेवणाआधी घर दाखवण्याचा कार्यक्रम झाला. लिफ्टमध्ये एका वेळी तिघं मावत होते आणि सगळ्यांनाच लिफ्टने जायचं होतं, त्यामुळे एका मजल्यासाठी रांग लागली. मी जिन्याने गेलो.

पुढची खोली त्याने स्वतःच्या कामासाठी ठेवली होती: मोठं टेबल, चामड्याची खुर्ची, भिंतीत बसवलेले दिवे. एसी चालू होता. पण दार उघडं आणि माणसं येत-जात, त्यामुळे त्याचं काही चालत नव्हतं, आणि डोक्यावरून धग येत होती. लोक 'वा, वा' म्हणत आत जात आणि लवकर बाहेर पडत. रुमाल काढलेली माणसं मला दिसली. हेच चित्र मी बसमध्ये पाहिलं होतं, फक्त आता त्यात मजा वाटेना. मी हे प्रामाणिकपणे लिहितो: थोडी वाटली.

मागच्या खोलीत काकू खाटेवर बसल्या होत्या. खिडकी उघडी होती. खोली थंड नव्हती, इथे दुपारी काहीच थंड नसतं, पण सुसह्य होती, झाडाखाली उभं राहावं तशी. बायका तिथे टेकल्या त्या उठेनात. मग त्यांचे नवरे आले. हळूहळू सगळी वास्तुशांत त्या खोलीत जमा झाली आणि पंगतीची पहिली हाक कुणीच ऐकली नाही.

एका गृहस्थांनी विचारलं, ही खोली एवढी बरी कशी?

मित्र दारात उभा होता. त्याने दोन्ही हात वर केले. एक हात पत्रा, एक हात फॉइल. "नुसतं फॉइल टाकून काही होत नाही," तो म्हणाला. "त्याला समोर हवा लागते. दोन बोटं. खालून आत येते, आढ्यापाशी बाहेर जाते. आईसाठी मी इथे मुद्दाम वेगळं करून घेतलं."

शब्द माझे होते, हात माझे होते, दोन बोटांमधलं अंतरसुद्धा मी दाखवलं होतं तेवढंच. त्याची नजर एकदा माझ्यावरून गेली. थांबेल असं वाटलं होतं. थांबली नाही.

गृहस्थांनी विचारलं, मग पुढच्या खोलीला का नाही केलंत?

"तिथे एलिव्हेशनचा प्रश्न असतो," मित्र म्हणाला, आणि सगळ्यांनी समजल्यासारखी मान हलवली.

काकू बायकांना सांगत होत्या, "काल दुपारी दोन तास झोपले मी. इथे आल्यापासून पहिल्यांदा. याने बाई फार विचार करून बांधलंय." मग मला पाहून जवळ बोलावलं, शेजारी जागा केली आणि हळूच म्हणाल्या, "तूही घे रे आता एखादं. किती दिवस भाड्याने राहणार? लागलं तर याला विचार, याला सगळं कळतं त्यातलं."

मी म्हणालो, विचारीन. माझी बायको खिडकीतून झाड बघत होती. तिने मागे वळून पाहिलं नाही, पण तिचे खांदे हलताना मला दिसले.

जेवण चांगलं होतं. पुरणपोळ्या कुणी केल्या हे वहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोने, प्रत्येकाला वेगवेगळं सांगितलं.

येताना बायको आणि मुलगी कुणाच्या तरी गाडीतून पुढे गेल्या आणि मी एमआरटी धरली. डब्यात तेच गृहस्थ भेटले, बायकोसोबत, हातात प्रसादाची पिशवी. आम्ही छपराविषयी बोलू लागलो. पहिली चार स्टेशनं मी धीर धरला. मग सांगितलंच. शनिवारची परांची, ते अवकाशयान, रॅफल्स प्लेसचं जेवण, हातांसकट सगळं. फक्त शनिवारी 'छान आहे' म्हणालो ते गाळलं. माझी ओळख नसलेल्या दोन माणसांना, ज्यांना यात काही करता येण्यासारखं नव्हतं. मित्राने एका वाक्यात जे स्वतःच्या नावावर केलं ते मला परत माझ्या नावावर हवं होतं, भले फक्त उत्तरेकडून येणाऱ्या एका डब्यात का होईना.

गृहस्थांनी सगळं शांतपणे ऐकलं. माणूस सरळ होता, त्यांना यातून माझं मोठेपण काढायचं होतं की माझा कमीपणा, हे अजून ठरलेलं नव्हतं. ते म्हणाले, "म्हणजे शनिवारीच बोलला असतात तर पुढचीही बाजू वाचली असती."

त्यांच्या बायकोने माझ्याकडे पाहिलं.

"शनिवारी माझ्या लक्षात आलं नव्हतं," मी म्हणालो.